त्रफिम आजारीच राहिला, त्याचं काय?

"मॅडम, इतक्या वर्षांत देवाने मला एकदापण काही दाखवलं नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा आहे का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे ख्रिस्ती घरातून येणारं कुणी ना कुणी वर्षातून दोन-तीनदा तरी हे विचारतंच. आज एका ताईंचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई नगरकडच्या (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही). तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, सासरे मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पंच कमिटीत, लहानपणापासून संडे स्कूल. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला सातव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस. म्हणजे गोड खाऊन होणारा वगैरे नाही, शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, दिवसाला चार इंजेक्शनं आणि ती आयुष्यभर, शिवाय काय खाल्लं त्याप्रमाणे इन्सुलिनचे युनिट मोजायचे.

आता दर रविवारी उपासनेनंतर साक्ष असते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाचं लोन पास झालं, आणि ताई मागच्या बाकावर. नवऱ्याची आत्या एका प्रार्थना ग्रुपमध्ये जाते, ती म्हणाली की तीन दिवस उपवास प्रार्थना धर आणि सुई बंद कर, सुई चालू आहे म्हणजे तुझा भरवसा सुईवर आहे, येशूवर नाही. ताईंनी रात्रीची सुई टाळली, सकाळचीपण टाळली. दुपारी पोरगं उलट्या करायला लागलं, बोट टोचून पाहिलं तर मशीनवर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. म्हणजे मशीनला मोजताच येणार नाही इतकी साखर. ताई म्हणाल्या, "मॅडम, मला एक सेकंद वाटलं ते मला हाय म्हणतंय." पुढे तीन दिवस आयसीयू.

आणि पोरगं घरी आल्यावर आत्याबाई काय म्हणाल्या, तर "अजून एक दिवस धीर धरला असतास तर." मी समुपदेशक आहे, चेहरा सरळ ठेवायचे पैसे घेते, पण त्या दिवशी मला ते जमलं नाही.

पहिल्या भेटीत मी देवाबद्दल काहीच बोलले नाही. इन्सुलिन आज वेळेवर दिलं का, एवढंच विचारलं. कुणीही, अगदी कुणीही, विश्वास सिद्ध करायला औषध बंद कर म्हणालं तर ते ऐकायचं नाही, यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

पण दोष जाईना. सुई बंद केली म्हणून आई म्हणून दोषी आणि परत चालू केली म्हणून विश्वासणारी म्हणून दोषी, दोन्हीकडून मार. मी पाळक नाही, पण त्यांच्या पर्समध्ये बायबल होतं म्हणून म्हटलं, दुसरं तीमथ्य काढा, चौथा अध्याय, विसावं वचन. येशूचा प्रेषित पौल लिहितो की त्रफिम (त्याचा सोबती) आजारी पडला, त्याला मिलेत गावात ठेवून आलो. बस, पुढे काही नाही, बरा झाला का तेही नाही. आणि हा त्रफिम इफिस शहराचा, ज्या इफिसात पौलाच्या अंगाचे रुमाल नेऊन लावले तरी लोक बरे होत होते! ताईंनी ते वचन तीनदा वाचलं. मग म्हणाल्या, "याच्यावर कुणी कधी साक्ष दिली नाही."

नंतर मंदिराच्या शिखरावरचा प्रसंग त्यांनीच काढला. देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक, असं येशूला म्हणणारा कोण होता, सैतानच ना, आणि तोसुद्धा वचन दाखवूनच म्हणत होता की. सुई बंद करणं म्हणजे ती उडीच, हे त्या स्वतःच बोलल्या, मी फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला.

इथे मला एक सोपा रस्ता होता. इन्सुलिन हाच चमत्कार, 1922 च्या आधी अशी मुलं जगतच नव्हती, असं म्हणता आलं असतं. बरेच जण म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात. मी नाही म्हटलं, कारण मग परत देवाच्या नावावर एक पावती फाडली, आणि उद्या साखर बिघडली की ती पावतीपण फाटली.

"पण मला काहीच जाणवत नाही, प्रार्थनेत नुसतं कोरडं." मी मदर तेरेसांचं सांगितलं. त्यांची खाजगी पत्रं 2007 मध्ये बाहेर आली, जवळपास पन्नास वर्षं आत देव जाणवत नव्हता असं त्यात आहे, आणि काम तर रोज चालूच. "त्या कॅथलिक ना पण?" ताई, त्यांची मंडळी कॅथलिक नाही. मला हसू आलं. हो, कॅथलिक, आणि संतपद द्यायला चर्चला त्यांच्या नावावर दोन चमत्कार लागलेच, ती गंमत वेगळी.

मग विचारलं, कोरडं असतं तर प्रार्थना करता कशाला? "सवय." बराच वेळ गप्प. "आणि मॅडम, इन्सुलिनच्या पेनचं बटण दाबल्यावर सुई दहा सेकंद आत ठेवायची असते, नाहीतर औषध बाहेर येतं. मी दहा मोजत नाही. हे आमच्या स्वर्गातील पित्या म्हणते, तुझे राज्य येवोपर्यंत दहा होतात." दिवसातून चार वेळा, चार वर्षं, आणि या बाई मला विचारतात की माझा विश्वास खोटा आहे का. मी ते तसंच त्यांना बोलून दाखवलं. रडल्या, मग घड्याळ पाहिलं, बस होती.

सगळं काही जुळलेलं नाही. आत्याबाई अजून बोलत नाहीत, साक्ष सुरू झाली की ताई चपला घालून बाहेर येतात, प्रार्थना अजून कोरडीच आहे म्हणतात. पण मागच्या महिन्यात हसत आल्या. रात्री सुई देताना पोरगं म्हणे, मम्मी आज पुढची पूर्ण म्हण की. त्यांनी म्हटली, आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' आल्यावर त्याने विचारलं, "भाकरीला किती युनिट?"