एकच सर्व्हिस लिनक्स, मॅक आणि विंडोजवर चालवायची असेल तर

भोसरीच्या कारखान्यातली मशीनची रीडिंग गोळा करणारा तुमचा पायथन प्रोग्राम तिन्हीकडे सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगिन न करताही, अखंड चालायला हवाय, आणि त्यासाठी तुम्ही फोर्क करून (प्रोसेसची प्रत काढून मूळ संपवून) तो बॅकग्राउंडला ढकलणारा कोड लिहायला घेतलाय. तो कोड आधी काढून टाका. प्रोग्राम टर्मिनलवर चालतो तसाच चालू दे, लॉग सरळ स्क्रीनवर छापू दे आणि बंद होण्याचा सिग्नल आला की हातातलं रीडिंग लिहून बाहेर पडू दे. त्याला सांभाळणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आहे. मॅकवर सर्व्हिस सांभाळणारा लाँचडी तर मूळ प्रोसेस संपली की सर्व्हिस मेली असंच धरतो.

लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची छोटी युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिसची सेटिंग्ज लिहिलेली फाइल, पुरते. त्यात ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ द्या, म्हणजे प्रोग्राम बिघडून पडला की तो पुन्हा सुरू होईल. पण गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हाचा विचार करा. वीज आली की सर्व्हर आधी उठतो, नेटवर्क स्विच आणि डेटाबेस मागाहून. जोडणी न मिळाल्याने प्रोग्राम पडतो, सिस्टिमडी 100 मिलिसेकंदांत तो पुन्हा उठवतो आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की हात टेकतो. ‘रीस्टार्टसेक’, म्हणजे पुन्हा उठवण्याआधी थांबायचा वेळ, 5 सेकंद ठेवलात तर ही मर्यादा गाठलीच जात नाही. त्याहून बरं म्हणजे डेटाबेस नसला तरी प्रोग्राम पडूच नये; रीडिंग स्थानिक फाइलीत साठवावीत आणि जोडणी आली की पाठवावीत. कारखान्यातला डेटा पुन्हा मिळत नाही, एवढा कोड लिहाच.

मॅकवर प्लिस्ट (लाँचडीसाठीची सेटिंग्ज फाइल) लाँचडेमन्स फोल्डरमध्ये टाका. लाँचएजंट्स फोल्डरमधली सर्व्हिस कुणी लॉगिन केल्यावरच सुरू होते.

विंडोजचं गणित वेगळं. तिथे सर्व्हिस सांभाळणाऱ्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला प्रोग्रामकडून ‘सुरू झालो’ असं उत्तर लागतं. साधारण 30 सेकंदांत ते आलं नाही की एरर 1053. साधी पायथन स्क्रिप्ट ते देत नाही, म्हणून एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यू हे स्क्रिप्टच्या वतीने उत्तर देणारं टूल मध्ये घाला. नेटवर्कवरचं फोल्डर तुम्ही ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलं असेल, तर ते सर्व्हिसला दिसणार नाही, कारण मॅप केलेले ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसापुरते असतात. त्या फोल्डरचा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा आणि तिथे परवानगी असलेल्या खात्याखाली सर्व्हिस चालवा.

मग तिन्ही मशीन रीस्टार्ट करा, कुठेही लॉगिन करू नका आणि रीडिंग येतायत का ते दुसऱ्या पीसीवरून बघा. मॅकवर फाइलव्हॉल्ट (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू असेल तर पासवर्ड टाकेपर्यंत काहीच सुरू होणार नाही, तेवढं धरून चाला.