आधी एका माशाकडं बघ

कोल्हापूर,
जानेवारीची अखेर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑक्टोबरमध्ये हिमाचलात, कुलूकडच्या तीर्थन नदीवर, गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला, उन्हं कलल्यापासून अंधार पडेपर्यंत समोर मासे वर येत होते. तासाभरात तू सात फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेले नकली किडे, बदलल्यास, तरी एकाही ट्राउटनं तोंड लावलं नाही. आता मार्चमध्ये परत निघाली आहेस आणि विचारतेस, "काका, आठवी कुठली बांधू?"

ते तुझ्याच पत्रात आहे. दुसऱ्या पानावर लिहिलंयस, "कॅडिस इतक्या होत्या की बाहीवर, मानेवर येऊन बसत होत्या." चार ओळींनंतर लिहिलंयस, "मासे अगदी हळू, एक गोल वर्तुळ उमटवून खात होते." ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. जुळत नाहीत.

कॅडिस म्हणजे नदीवरचा पतंगासारखा किडा. तिची अळी तळाशी वाळूचे कण नाहीतर काटक्या रेशमानं चिकटवून आपलं घर करते. कोश झाला की पोहत वर येते आणि पाण्याबाहेर पडताच उडून जायला बघते. तिला पकडायचं तर माशाला झेप घ्यावी लागते. पाणी उडतं, आवाज येतो, कधी मासा अख्खा बाहेर दिसतो. तू पाहिलेलं वर्तुळ शांत होतं. म्हणजे जे खाणं चाललं होतं ते पळून जाणारं नव्हतं, आणि माशाला ते ठाऊक होतं. तुझ्या अंगावर कॅडिस होत्या, माशाच्या तोंडात दुसरंच काही जात होतं. माझा अंदाज विचारशील तर मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या पाणकिड्याचे, मरून पाण्यावर पडलेले किडे.

मेफ्लाय नीट समजून घे, कारण ट्राउटच्या नदीवरची निम्मी कोडी तिथंच सुटतात. तिचं पिल्लू, म्हणजे निम्फ, कित्येक महिने दगडाखाली काढतं. मग एके दिवशी ते पृष्ठभागापर्यंत येतं, पाठ फुटते आणि पंखवाला किडा बाहेर पडतो. पंख दुधी, उभे मिटलेले, होडीच्या शिडासारखे. तो झुडपात जाऊन बसतो आणि साधारण दिवसभरात पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकच गट. आता पंख काचेसारखे पारदर्शक. खायला कामाचं तोंडच नसतं, उरलेलं आयुष्य फक्त जोडीसाठी. संध्याकाळी नदीवर त्यांचे थवे खालीवर नाचताना दिसतात. माद्या अंडी घालतात आणि पंख दोन्हीकडं पसरून पाण्यावर पडतात. असा पडलेला किडा काठावरून जवळजवळ दिसतच नाही, कारण तो पाण्याला चिकटून सपाट असतो. खालून बघणाऱ्या माशाला मात्र आकाशाच्या उजेडात तो स्वच्छ दिसतो, आणि तो कुठं जाणार नाही हेही कळतं.

म्हणून मासा घाई करत नाही. ट्राउट हा हिशेबी प्राणी आहे. जोराच्या धारेलगतच्या संथ पाण्यात तो उभा राहतो आणि खाण्यातून मिळेल त्यापेक्षा जास्त ताकद खर्च करत नाही. वरून लहान लहान घास ओळीनं वाहत येत असतील तर तो वीतभर पट्ट्यातलेच उचलतो. तुझी मोठी केसाळ कॅडिसची फ्लाय त्याच्या डोक्यावरून गेली असेल, तर त्यानं ती पाहिली असणारच. त्या वेळी त्याला ती नको होती. रंकाळ्यावर चिलापीला कणकेची गोळी टाकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तिथं आमिषाच्या वासावर काम भागतं.

मार्चमध्ये नदीवर पोचलीस की पहिली दहा मिनिटं रॉड जोडू नकोस. एकच मासा निवड. सगळ्या नदीकडं बघितलंस तर फक्त वर्तुळं दिसतील, एका माशाकडं बघितलंस तर त्याची सवय दिसेल. त्याच्या वरच्या बाजूनं किडा वाहत येताना दिसला की त्याच्यावर नजर ठेव. तो किडा माशाच्या डोक्यावरून सुखरूप गेला का? दुसरा गेला का? असे चार-पाच सुटले आणि मासा मधे मधे खातच राहिला, तर दिसणारा किडा यादीतून काढून टाक. हे वजा करणं मी फार उशिरा शिकलो, म्हणून तुला आत्ताच सांगतोय.

मग वर्तुळाच्या मध्यभागी बघ. बुडबुडा राहिला तर माशानं पृष्ठभागावरचा घास घेतला, त्याबरोबर हवाही तोंडात गेली. बुडबुडा नाही, नाक दिसत नाही, पण पाठ आणि मग शेपटीचं टोक हळूच वर येऊन जातं, असं असेल तर तो पृष्ठभागाच्या लगेच खाली खातोय. म्हणजे कात फोडून बाहेर पडू बघणारे, अर्धे आत अर्धे बाहेर अडकलेले किडे. या वेळी वर तरंगणारी फ्लाय कितीही सुंदर बांधलेली असो, ती त्याच्या जेवणाच्या पातळीवरच नाही. तीच फ्लाय पंख कातरून, ओली करून टाकलीस तर कदाचित घेईल. आणि पाण्यावर काहीच नाही, नुसती खाली मधूनच एक चमक, तर तो तळाजवळ निम्फ टिपतोय. खरं तर ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, आपल्याला वरचं दिसतं म्हणून आपण त्यातच अडकतो.

पक्ष्यांकडंही लक्ष ठेव. पाकोळ्या पाण्याला घासून उडायला लागल्या की काहीतरी वर येतंय. तिथल्या नद्यांवर डिपर नावाचा तपकिरी पक्षी दगडावरून थेट पाण्यात बुडी मारतो. तो अळ्या आणि निम्फ शोधतोय, म्हणजे तळाला खाणं आहे.

नजरेनं भागलं नाही तर चहाची गाळणी काढ. गंमत म्हणून सांगत नाहीये, माझ्या पिशवीत फ्लायच्या डबीआधी गाळणी असते. धारेत, फेस जमतो त्या पट्ट्यात दोन मिनिटं धर आणि पांढऱ्या ताटलीत उलटी कर. मिळालेला किडा तुझ्या फ्लायशेजारी ठेव. पहिल्यांदा लांबी जुळव, मग आकार, रंग सगळ्यात शेवटी. साळीच्या दाण्याएवढा किडा असेल तर सोळा नंबरच्या आसपासचा गळ लागेल. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो हे विसरू नकोस. तुझ्या सातही फ्लाय दहा-बारा नंबरच्या होत्या. तू सात वेळा रंग बदललास, माप एकदाही नाही.

डबीवरच्या इंग्रजी नावांत फार गुंतू नकोस. तपकिरी ट्राउट मुळात आपल्याकडचा नाही. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली अंडी काश्मीरमध्ये जगली, कुलूकडं तो १९०९ च्या सुमारास आला. मासा परदेशातून आला, किडे मात्र हिमालयातले. बिलायती फ्लाय तिकडच्या नदीतल्या किड्यांवरून बांधल्या गेल्या. गट तेच आहेत, मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय, पण जाती वेगळ्या, त्यामुळं वेळा आणि मापंही वेगळी. तुझ्या गाळणीतला किडा हाच तुझा नमुना.

एक गोष्ट राहिली. फ्लाय बदलण्याआधी ती नीट वाहिली का ते तपास. मधल्या जोराच्या धारेनं दोरी ओढली की फ्लाय पाण्यावर रेघ ओढत सरकते, आणि मेलेला किडा कधी रेघ ओढत नाही. आजूबाजूच्या फेसाच्या वेगानं ती तीन-चार वेळा माशावरून गेली आणि तरी नकार मिळाला, तर बदल. पकडलेल्या माशाच्या पोटातलं बघायचा मोह मात्र टाळ, त्याला ओल्या हातानं सोडून दे. परवाना आधी काढून ठेव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं ट्राउटची बंदी असते, त्यामुळं मार्चची सुरुवात हा चांगला काळ. पुढं बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायच्या आत जा.

त्याआधी आपल्याला इथंच एक काम आहे. ट्राउट कोल्हापुरात नाही, पण त्याच्या जेवणाचे भाऊबंद आहेत. शहराजवळच्या गाळात तुला लाल अळ्या मिळतील. त्या हिमोग्लोबिनमुळं लाल असतात आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतात. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ते बघून वाईट वाटतं. पण गगनबावड्याच्या रस्त्यानं वर गेलं की कुंभीला मिळणाऱ्या ओढ्यांत अजून पाणी खळखळतंय आणि या दिवसांत ते स्वच्छ असतं. तिथं दगड उलटला की चपटे निम्फ सरसर पलीकडच्या बाजूला पळतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलताना दिसले तर मेफ्लाय. दोनच शेपट्या, पायाला दोन नख्या आणि पोटाला कल्ले नाहीत तर स्टोनफ्लाय. वाळूची नळी ओढत चाललेली अळी कॅडिस. तासाभरात तुझी नजर बसेल, मग तीर्थनवर अनोळखी काही राहणार नाही.

रविवारी सकाळी सहाला रंकाळा स्टँडवर ये. पांढरी ताटली, गाळणी आणि मच्छरदाणीचा हातभर तुकडा आण, काठ्या मी आणतो. रॉड घरीच ठेव. आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच ठेवायचा, खालची बाजू खाली.

तुझा,
काका