गरम झाली की मिसिंग मारते

प्रश्न: माझ्याकडे 1967 ची चार सिलेंडरची पेट्रोल गाडी आहे, पॉइंटवाली (ठिणगीसाठी कॉईलचा करंट उघडझाप करून तोडणारे संपर्क असलेली). थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, पंधरा-वीस मिनिटं झकास पळते आणि मग मिसिंग सुरू, मधूनमधून सिलेंडर पेटतच नाही. चढावर तर झटके खात खात जाते. बंद करून अर्धा तास ठेवली की परत ठीक. प्लग नवीन, प्लगच्या वायरी नवीन, पॉइंट आणि कंडेन्सर नवीन, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आता एकजण म्हणतो पेट्रोल पंप बदल, दुसरा म्हणतो इंजिन खोल. काय करू?

उत्तर: इंजिन अजिबात खोलू नका! जी गाडी थंड असताना पंधरा मिनिटं झकास पळते तिचं इंजिन खोलायची घाई कशाला, आणि पंपाचंही जरा थांबा. आधी एकच ठरवू, करंट कमी पडतोय की पेट्रोल. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू मरगळते, रेस दिली तरी ओढत नाही. करंट तुटला की मात्र कुणीतरी चावी बंद-चालू केल्यासारखा कडक झटका बसतो आणि बऱ्याचदा सायलेन्सरमध्ये फट् असा आवाज येतो, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं. तुमच्या वर्णनातले झटके मला करंटचे वाटतात, पण वाटण्यावर जाऊ नका, तपासा. टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) असेल तर त्याचा क्लॅम्प कॉईलमधून, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्यातून, निघणाऱ्या जाड वायरीला लावा, इंजिन गरम करा आणि मिसिंग आलं की लाइटकडे बघा. झटक्याबरोबर लाइटही चुकला तर दोष कॉईल किंवा तिच्या अलीकडे, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर नाहीतर वायरिंग. लाइट एकसारखा चालू राहिला तर क्लॅम्प एकेका प्लगच्या वायरीला लावून बघा, तिथे चुकला तर डेल्कोमधला (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) फिरता रोटर, त्याची कॅप नाहीतर ती वायर. तिथेही चुकत नसेल तर मग पेट्रोलकडे आणि प्लगकडे वळा.

आता माझा पहिला संशय सांगतो, तुम्ही टाकलेला नवीन कंडेन्सर. हो, नवीनच. नवीन पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं धरून चालणं हीच यातली सगळ्यात मोठी चूक आहे, मी स्वतः नवीन रोटर टाकून दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो होतो आणि जुना परत बसवल्यावर गाडी लगेच सुधारली. म्हणून जुने चालू पार्ट फेकू नका, डब्यात ठेवा. कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडतात त्या क्षणी करंटला थांबायचं नसतं, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो स्वतःकडे घेतो, म्हणून कॉईलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. एवढासा डबा, साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा, पण तापल्यावर आतून लीक व्हायला लागला की ठिणगी कमजोर पडते आणि चढावर, जिथे सिलेंडरमध्ये प्रेशर जास्त असतं तिथे, ती उडतच नाही. तुमची लक्षणं यात चपखल बसतात.

तपासायला मीटरसुद्धा नको. गाडी गरम होऊन मिसिंग मारत असतानाच बंद करा, डेल्कोची कॅप काढा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि सावलीत वाकून पॉइंटकडे बघा. बारीकशी ठिणगी चालते, पण प्रत्येक उघडझापीला चरचरीत प्रकाश पडत असेल तर कंडेन्सर गेला. मग त्याची वायर सोडवा आणि जुना कंडेन्सर बाहेरूनच जोडा, वायर कॉईलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि बॉडी अर्थला. सोडवलेल्या वायरीचं टोक कुठे टेकू देऊ नका. चक्कर मारून या. (डेल्को हे खरं तर चार्ल्स केटरिंगच्या कंपनीचं नाव, ही पॉइंट-कॉईलची पद्धत त्यानेच रुळवली आणि 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली, म्हणून डिस्ट्रिब्युटरला अजून डेल्को म्हणतात.)

कंडेन्सर निर्दोष निघाला तर कॉईल. दोन बारीक टर्मिनलवरच्या वायरी काढून मधला रेझिस्टन्स मोजा, साधी 12 व्होल्टची असेल तर 3 ओहमच्या आसपास येतो आणि बॅलास्टवाली (करंट कमी करायला बाहेरून वेगळा रेझिस्टर लागणारी) असेल तर 1.5 च्या आसपास. कुणी चुकून बॅलास्टवाली कॉईल बॅलास्टशिवाय लावली असेल तर 4 ऐवजी 8 अँपिअर करंट ओढते, हात लावू देणार नाही इतकी तापते आणि पॉइंटही जाळते. जुन्या गाड्यांत हे मी बऱ्याचदा बघितलंय.

आणि एक जागा जी कुणीच बघत नाही, डेल्कोच्या आतल्या दोन बारीक वायरी. एक पॉइंटकडे जाते, दुसरी प्लेटला अर्थ देते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा भाग) प्लेट फिरवतो तशा या रोज वाकतात, वरचं कव्हर धडधाकट दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. वायरीच्या दोन टोकांना मीटर लावा आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून प्लेट हलवा, आकडा उडाला की वायर बदला. हे पाच मिनिटांचं काम आहे, पंप बदलायच्या आधी तरी नक्की करा.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी गाडी पूर्ण गरम करून बघा. तुम्ही सगळं एकदम बदललंत म्हणून आता कशाने काय झालं हेच कळत नाहीये.

प्रश्न: हवा दमट असली की सकाळी तीनच सिलेंडरवर चालते, नंतर सुधारते.

उत्तर: रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर आणि कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. वायरींना हात लावू नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळही थांबू नये. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर कॅप गेली, ती घासून काही होत नाही, नवीनच टाका.

प्रश्न: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं तर मिसिंग जाईल का?

उत्तर: दोष पॉइंट किंवा कंडेन्सरमध्ये असेल तर जाईल. कॅप फुटलेली असेल, रोटर लीक असेल, डेल्कोचा शाफ्ट हलत असेल तर किट लावूनही त्रास राहतोच. शाफ्ट बोटांनी बाजूला ढकलून बघा, खटखट लागली तर आधी त्याचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून घ्या, किटचं नंतर बघू.