आजोळच्या ठासणीच्या रायफलची नळी कुठली, कोणी घडवली हे कसं ओळखायचं?

प्रश्नात तुम्ही जे दिलंय ते आधी एका जागी मांडतो. आजोळी माळ्यावर ठासणीची रायफल सापडली. नळी ३९ इंची, तीन पट्ट्यांनी लाकडाला बांधलेली, आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळत्या खाचा. नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला मुकुट आणि फुलीसारखे दोन दंड असलेले दोन ठसे, जवळच २५ हा आकडा. घोडा ज्या लोखंडी पाटीवर बसवलाय तिच्यावर नुसता मुकुट, ‘टॉवर’ आणि १८६२. नळीच्या पाठीवर देवनागरीत २१४. आणि तुमचा अंदाज असा, की टॉवर म्हणजे लंडन, तेव्हा नळी लंडनची.

नळी लंडनची नाही, बर्मिंगहॅमची आहे. पण ते सांगण्याआधी दोन गोष्टी.

पहिली, ती भरलेली नाही ना हे बघा. ठासणीच्या बंदुका बार ठासलेल्याच टांगून ठेवायची आणि मग विसरून जायची आपल्याकडे रीतच होती. घोड्याखालच्या बोंडावर टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची टिकली, नाही याची खात्री करा. नळीच्या तोंडासमोर कुणी नको, तुम्हीही नको. लाकडी काठी हलक्या हाताने आत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. आतलं टोक बोंडाच्या रेषेपर्यंत पोचत नसेल, बोटभर जरी अलीकडे अडत असेल, तर आत काहीतरी आहे. मग तिला हात लावू नका, जाणकाराला बोलवा. दुसरी गोष्ट परवान्याची. ‘ठासणीची आहे, तिला काय होतंय’ हे चालत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुनाट हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या हत्यारांना, आणि तसं आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. आजोबांच्या नावचा परवाना शोधा, नसेल तर वकिलाला विचारून मगच पुढची हालचाल करा.

आता नळी. पाटीवरचं नाव वाचून नळीचं गाव ठरवायचं ही चूक मीही केली आहे. मालवणकडे माझ्या मामाकडे दुनळी होती, पाटीवर ठळक ‘लंडन’. मी फोटो काढून चार लोकांना पाठवले, शेखी मिरवली. एकाने विचारलं, नळीच्या खालच्या अंगाला काय आहे? नळ्या उतरवल्या तर लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं आणि खाली तारा. म्हणजे बेल्जियममधलं लिएज. लंबगोलावर मुकुट नव्हता, आणि तो मुकुट १८९३पासून येतो, म्हणून नळ्या त्याआधीच्या. मामा काही केल्या ऐकेना, “लंडन लिवलेला आसा मरे हेच्यार!” लिहिलेलं होतंच. लिएजवाले गिऱ्हाइकाला हवं ते नाव घालून देत.

टॉवरचंही तसंच. सरकारी बंदुकांचे भाग कंत्राटदारांकडून यायचे, तपासणी आणि जुळणी लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या सरकारी खात्याच्या देखरेखीखाली व्हायची, त्यावरून टॉवर हे नाव रुळलं. पुढे बर्मिंगहॅमचे व्यापारी खासगी मालावरही ते बिनदिक्कत छापू लागले. सरकारी पाटीवर मुकुटाखाली व्ही-आर ही राणीची अक्षरं असतात. तुमच्याकडे नुसता मुकुट आहे. बाणाचं सरकारी चिन्हही तुम्ही कुठे सांगितलेलं नाही.

मुकुटाखाली फुली घातलेले दोन राजदंड ही बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची खूण. हे घर १८१३च्या कायद्याने उभं राहिलं आणि हे ठसे १९०४पर्यंत चालले. दोन्ही ठसे सारखे वाटतात, पण भिंगाखाली बघा: एकात दंडांच्या कोनांत बी, पी, सी अशी अक्षरं सापडतील, दुसऱ्यात खाली व्ही. पहिला, जादा दारू भरून बार काढला तरी नळी फुटली नाही याचा. दुसरा, नंतर डोळ्यांनी तपासून पास केल्याचा. लंडनची नळी असती तर मुकुटाखाली गुंफलेली जी-पी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही दिसले असते, राजदंड नाही. मात्र ही खूण तपासणाऱ्याची आहे, घडवणाऱ्याची नाही.

२५ हा आकडा वर्षाचा नाही आणि रेजिमेंटचाही नाही. नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती होतील, तो हा आकडा. २५चं माप सुमारे १४.५ मिलिमीटर, २४चं सुमारे १४.७. तुमच्या वर्णनाशी जुळणारी एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या रायफलचा १८५३चा नमुना, तिची नळी ०.५७७ इंच, १४.६६ मिलिमीटर. २४च्या मापाचा तपासणीचा गज तीत शिरत नाही, २५चा शिरतो, म्हणून ठसा २५.

व्हर्नियर घेऊन नळीचं तोंड मोजाच, कारण याच ठिकाणी आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच एनफिल्डची. त्यानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाइतकी अचूक बंदूक द्यायची नाही असं ठरलं, आणि बाहेरून हुबेहूब एनफिल्ड पण आतून गुळगुळीत, ०.६५६ इंच म्हणजे जवळपास १६.७ मिलिमीटरची नळी त्यांच्यासाठी काढली. नेम धरायची नळीवरची खाचही साधी, ठोकळ्यासारखी. तुमच्या नळीत आटे शाबूत आहेत आणि साल १८६२, म्हणजे ही हिंदी पलटणीची नाही. सरकारी खुणा नाहीत, म्हणून गोऱ्या पलटणीचीही नाही. राहतो खासगी व्यापाराचा माल. त्या वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठी बर्मिंगहॅमहून अशा रायफली लाखांनी गेल्या. काही इकडेही आल्या, दुकानदारांमार्फत किंवा संस्थानांमार्फत.

देवनागरी २१४ बघून ‘आपल्याकडे बनलेली’ असं म्हणू नका. ते आकडे ठसा मारून उठवलेत की छिन्नीने कोरलेत ते पाहा. कोरलेले असतील तर ते नंतरच्या मालकाचे: संस्थानच्या शस्त्रागारातली नोंद, किंवा परवान्यासाठी पाडलेला क्रमांक. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. देवनागरीचा आणखी एक चकवा म्हणजे नेपाळ. तिथे इंग्रजी नमुन्यांच्या नकला स्थानिक कारखान्यांत होत आणि खुणा देवनागरीत पडत. २००३ साली काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातून अशा हजारो बंदुका अमेरिकेत विकल्या गेल्या. पण नेपाळी नकलेवर बर्मिंगहॅमचे ठसे नसतात, तेव्हा तुम्ही त्या वाटेला जायची गरज नाही.

आता नळी घडवणारा कोण. त्याचं नाव दिसत्या भागावर बहुधा मिळत नाही, ते लाकडात लपलेल्या खालच्या अंगाला असतं. बर्मिंगहॅममध्ये एक माणूस अख्खी बंदूक करत नसे. नळी एकाची, कुलुपासारखी ती घोड्याची यंत्रणा दुसऱ्याची (ती बरीचशी शेजारच्या डार्लास्टन, वेन्सबरीहून येई), लाकूड तिसऱ्याचं, जुळणी चौथ्याची. पाटीवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं. नळीवाला आपली आद्याक्षरं किंवा पूर्ण नाव खाली ठोकून मोकळा होई.

तिथवर पोचायचं तर तीन पट्टे आणि बुडाच्या शेपटीतला स्क्रू काढावा लागतो. हे स्वतः करू नका. दीडशे वर्षं बसलेला स्क्रू घसरला की लाकूड चिरतं. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि समोर बसून करून घ्या, नाहीतर तो प्रेमाने पॉलिश पेपर मारून सगळे ठसे पुसून देईल. चिंच, लिंबू, राख काही नको. पातळ तेल आणि जुनं सुती कापड पुरे. ठसे वाचायला खडूची भुकटी बोटाने चोळा आणि विजेरी अगदी आडवी धरून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारलात तर काहीच दिसत नाही.

खाली अक्षरांबरोबर कानशीने मारलेल्या बारीक आडव्या रेघा सापडतील, चार, सात, कितीही. त्या मोजा. तशाच रेघा पाटीच्या आतल्या बाजूला आणि स्क्रूंवरही बघा. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रावर केलेले भाग कुठल्याही बंदुकीला बसत, त्यांना अशा खुणांची गरज नसे. बर्मिंगहॅमचा माल हाताने जुळवलेला, म्हणून एका बंदुकीच्या सगळ्या भागांवर सारख्याच रेघा. नळीवर सात आणि पाटीवर चार निघाल्या, तर ‘टॉवर १८६२’ ही पाटी दुसऱ्याच बंदुकीची, आणि मग नळीचं साल मी वर धरलं तसं १८६२ धरता येणार नाही.