न्यायाधीश व्हायचंय? आधी कोर्टात उभे राहा

प्रश्न : मी लातूरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षात आहे. पदवी मिळताच न्यायाधीशाची परीक्षा देता येईल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्रात नव्या पदवीधरांसाठी अशी वाट होती, पण २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही तीन वर्षं वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची आहेत. म्हणून निकाल लागताच सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) अर्ज करा, बार परीक्षेची (पदवीनंतर वकिलांना द्यावी लागणाऱ्या पात्रता परीक्षेची) वाट पाहत थांबू नका. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं.

प्रश्न : ओळखीच्या वकिलांकडून अनुभवाचा दाखला मिळेल. मग कोर्टात न जाता क्लास लावून अभ्यास केला तर?

उत्तर : कृपा करून असं करू नका. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यताही लागते. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या पदावरचा माणूस प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही असतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देता येते. पोलीस रिमांड (आरोपीची कोठडी) मागत असतात, आरोपीचा वकील विरोध करत असतो, आणि निर्णय तिथल्या तिथे द्यायचा असतो. क्लासमध्ये हे शिकवता येत नाही. तालुका कोर्टात एकाच दिवशी वाटपाचा दावा, पोटगी, न वटलेला धनादेश आणि बांधावरून मागितलेला मनाई हुकूम असं सगळं बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीत) असतं. उलटतपासात साक्षीदार कुठे अडखळतो, सातबारा आणि फेरफार एकमेकांशी का जुळत नाहीत, हे तिथे बसूनच कळतं. दिवसा जे कलम निघालं ते रात्री मूळ कायद्यात वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी आधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालतात. दोन्ही यायला हवेत.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. अडचण येईल का?

उत्तर : मराठी ही अडचण नाही, गरज आहे. राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठीच आहे. मात्र मराठीतून इंग्रजीत आणि उलट सफाईने भाषांतर करता यावं, अशी अपेक्षा असते. रोज एक परिच्छेद करा. ही परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व, मुख्य आणि मुलाखत या तिन्ही टप्प्यांची तयारी त्यासोबत चालू द्या.

प्रश्न : पुण्यात नऊ वर्षं वकिली करतेय, वय ३८. उशीर झाला?

उत्तर : मुळीच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार सात वर्षं वकिली केलेल्यांना थेट जिल्हा न्यायाधीश होता येतं. ही भरती मुंबई उच्च न्यायालय करतं. जाहिरातीतली कमाल वयाची अट तेवढी आधी पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतल्या न्यायाधीशांनाही या थेट भरतीत उतरायची मुभा दिली आणि किमान वय ३५ असावं असं सांगितलं. स्पर्धा वाढणार आहे, म्हणून जाहिरात येण्याआधीच तयारीला लागा.

प्रश्न : उच्च न्यायालयासाठी कोणती परीक्षा असते?

उत्तर : कोणतीच नाही, अर्जही नसतो. दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा हवी. नावाची शिफारस न्यायवृंद (ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, म्हणजे कॉलेजियम) करतो. अमरावतीचे भूषण गवई यांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, २००३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून आले आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. वर सांगितलेली तीन वर्षांची अट त्यांच्याच पीठाने परत आणली.