बीपीची गोळी रोज घेऊनही वरचा आकडा १५० च्या खाली का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, दोन वर्षांपासून बीपीची एकच गोळी चालू आहे, घरच्या मशीनवर आकडा कधी १४८ तर कधी १५६ येतो, आणि आता शरीराला गोळीची सवय झाली असावी अशी शंका येते. डोस वाढवावा, ब्रँड बदलावा की डॉक्टरच बदलावा, असा प्रश्न आहे. मी फिजिशियन आहे. थोड्याफार फरकाने हेच गाऱ्हाणं ओपीडीत रोज कानावर पडतं.

सवयीचं आधी निकालात काढू. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीपीच्या गोळ्यांचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. बदलतं ते बाकीचं. वय वाढतं तशा धमन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, वजन वाढतं, किडनीचं काम मंदावतं, मधे कुणीतरी गुडघेदुखीवर दुसरीच गोळी लिहून देतं. तुम्ही एकटेही नाही आहात. २०१९ च्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या साधारण १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यातल्या औषध चालू असलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांचा आकडा आटोक्यात नव्हता.

आता तुमच्या १५६ कडे येऊ. तो घेतला कसा? आल्या आल्या खुर्चीत टेकून, पायावर पाय टाकून, कुणाशी तरी बोलत, हात मांडीवर सोडून मोजला असेल तर त्या आकड्यावर मी औषध वाढवणार नाही. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असला की आकडा ७-८ नी जास्त येतो, हे साधं पदार्थविज्ञान आहे. बोलणं, तुंबलेली लघवी, अर्ध्या तासात घेतलेली कॉफी किंवा ओढलेली सिगारेट, प्रत्येकाची भर वेगळी. आणि पट्टा! दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर मशीन कितीही महागडं असलं तरी आकडा फुगवूनच दाखवणार. पट्ट्याच्या आतल्या फुग्याने दंडाचा निदान ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. मनगटावरच्या मशीनच्या भानगडीत पडू नका, दंडावरचंच घ्या.

ओपीडीत एका गृहस्थांचं बीपी १६२ भरलं होतं. शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट पीळ दंडावर झालेला, पट्टा त्याच्या खाली, आणि ते मला प्रवासात किती हाल झाले ते सांगत होते. बाही काढायला लावली, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसवलं, हात टेबलावर ठेवला. दुसऱ्यांदा १४१. तेवढ्यावर बीपी नॉर्मल झालं असं नाही, पण १६२ ला जे औषध लिहिलं जातं ते १४१ ला लिहिलं जात नाही.

म्हणून सात दिवस असं करा: सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोन रीडिंग, रात्री दोन, दोन्हींत एक मिनिटाचं अंतर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. आवडलेले आकडे ठेवून नावडते गाळू नका (हे लोक फार करतात, आणि वहीत सगळीकडे १३० दिसलं की मला लगेच कळतं). घरी मोजलेल्याची हद्द १३५/८५ आहे, दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीची. काहींचं बीपी फक्त डॉक्टर समोर असताना चढतं, काहींचं नेमकं उलट, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. ही दुसरी जात जास्त धोक्याची, कारण ती कुणाच्या नजरेत येत नाही.

सरासरी खरंच जास्त आली तर पुढचा प्रश्न जरा अवघड आहे. गोळ्या पोटात जातात का? 'नियमित घेता ना?' असं मी विचारतच नाही, कारण उत्तर 'हो डॉक्टर' असंच येतं. 'गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?' असं विचारलं की माणूस मोकळं बोलतो. नव्याने औषध सुरू झालेल्यांपैकी साधारण निम्मे जण वर्षभरात ते सोडून देतात. बरेच जण पूर्ण सोडत नाहीत, डोकं जड वाटेल त्या दिवशीच घेतात. बीपी वाढल्याचं सहसा काहीच जाणवत नाही, त्यामुळे या हिशेबाने गोळी घेणं म्हणजे न घेतल्यातच जमा. आणखी एक प्रकार म्हणजे तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस इमानदारीने घेणारे. त्यांचा आकडा माझ्यासमोर छान येतो आणि एरवीचं कळत नाही.

गोळी टाळण्यामागे बऱ्याचदा न सांगितलेला त्रास असतो. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते, एनालाप्रिल-रामिप्रिलच्या गटाने कोरडा खोकला लागतो, लघवी वाढवणारी गोळी बाहेर जायचं असेल त्या दिवशी हमखास चुकते, आणि पुरुषांना शरीरसंबंधात अडचण आली तर ते बायकोलाही सांगत नाहीत, मला कुठून सांगणार? पण यातल्या जवळजवळ प्रत्येकावर तोड आहे. खोकला आणणारी गोळी बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन दिलं की खोकला थांबतो. सुजेवर डोस कमी करून सोबत दुसरं औषध देता येतं. तुम्ही सांगितलंत तरच हे जमणार. गोळी सकाळी घ्यावी की रात्री यावरही फार डोकं शिणवू नका. ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' चाचणीत हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. जेव्हा आठवते तीच वेळ.

गोळी नेमाने जाते, तरीही आकडा हलत नाही? मग बाकी काय काय पोटात जातं ते बघा. माझा पहिला संशय दुखण्यावरच्या गोळ्यांवर असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या बऱ्याच औषधांचा जोर कमी करतात. पाठदुखीला महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणारा माणूस ती 'औषध' म्हणून मोजतच नाही, कारण ती दुकानातून आपली आपणच आणलेली असते. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, रोज घेतलेलं ज्येष्ठमध, सगळे याच यादीतले. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. तशा एका पॅरासिटामॉलमध्ये जवळपास एक ग्रॅम मिठाएवढं सोडियम असू शकतं, आणि दिवसभराच्या मिठाची जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादाच ५ ग्रॅमच्या आत आहे.

मिठाबद्दल: 'मी वरून मीठ घेत नाही' हे वाक्य मला पाठ झालंय. वरून घेतलेलं मीठ दिसतं तरी, पाकिटातल्या आणि डबाबंद पदार्थांतलं दिसत नाही. पोटॅशियमयुक्त मीठ हा चांगला पर्याय आहे. चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मात्र किडनीचा आजार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा सरासरी एकाने उतरतो. दारू कमी केली की बीपी उतरतं, रोज पिणाऱ्याचं जास्तच.

आता डॉक्टरांच्या बाजूचं, कारण सगळं खापर रुग्णावर फोडणं मला पटत नाही. आकडा १५२ दिसतो, डॉक्टर म्हणतात 'आज जरा जास्त आहे, मीठ कमी करा, तीन महिन्यांनी या'. तीन महिन्यांनी पुन्हा १५०, पुन्हा तेच. अशी वर्षं जातात आणि चिठ्ठीवर पहिल्या दिवशीची एकच गोळी असते. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता दाट वाटते. बहुतेकांना एका औषधाने भागत नाही, दोन लागतात, काहींना तीन. आणि तुम्ही विचारलेला डोस दुप्पट करण्याचा उपाय तसा कमकुवत आहे. अनेक चाचण्या एकत्र करून २००९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात, आहे तोच डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने सुमारे पाचपट जास्त परिणाम दिसला होता. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, म्हणजे गोळ्यांची संख्याही वाढत नाही. ब्रँड बदलून मात्र आतलं औषध तेच राहणार, त्यातून फारसं काही साधणार नाही.

लघवी वाढवणाऱ्या औषधासकट तीन औषधं पुरेशा डोसमध्ये नेमाने घेऊनही आकडा जास्तच राहिला, तर मुळाशी काही आहे का ते शोधायचं. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार, पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचा अतिरेक, शिवाय किडनी आणि थायरॉइड. तुम्ही अजून एकाच औषधावर आहात, त्यामुळे तपासण्यांचा भडिमार करायची आत्ता गरज दिसत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियम, साखर आणि लघवीतलं प्रोटीन मात्र वर्षभरात झालं नसेल तर करून घ्या.

एक अपवाद. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा धूसर दिसणं यांपैकी काही असेल तर सात दिवसांची वही बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठायचं. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडीन या बीपीच्याच औषधांच्या बाबतीत तर बीपी उसळून वर येतं.

डॉक्टर बदलू का, याचं उत्तर पुढच्या भेटीत मिळेल. सात दिवसांची वही, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणि तुमचं मशीन, तिन्ही घेऊन जा, मशीन त्यांच्या मशीनशी ताडून बघायला सांगा. मग सरळ विचारा: 'माझा आकडा किती असायला हवा, आणि तिथे पोचायला दुसरं औषध जोडायचं का?' डॉक्टर वही उघडून बघतील तर बदलायचं कारण नाही. वही न बघताच 'तीन महिन्यांनी या' म्हणाले, तर खुशाल बदला.