वकीलबाईंना विचारा : कोणती ईद?

प्रश्न : ताई, मी मिरजेची, वकिलीला 3 वर्षं झाली. विधी सेवा प्राधिकरणाकडून एक केस आलीय. बांगलादेशातून फसवून आणलेली 22 वर्षांची मुलगी, सध्या सुधारगृहात आहे. 2024 मध्ये आणलं एवढं नक्की सांगते. पण कधी विचारलं तर एकदा पावसाळा म्हणते, एकदा ईदनंतर. मारहाणीचं सांगताना चक्क हसते. सगळं क्रमवार लिहून तिच्याकडून पाठ करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. पढवलेला साक्षीदार समोरचा वकील दोन प्रश्नांत ओळखतो, आणि आपल्या पेशात ते बसतही नाही.

आधी सांग, कोणती ईद ते विचारलंस का? 2024 ची बकरी ईद 17 जूनला होती. म्हणजे पावसाळाही खरा, ईदही खरी! गोंधळ आपल्या प्रश्नात असू शकतो गं.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, हे सांगलीत पोरासोरांना पाठ आहे. पण गावभागातल्या माझ्या शेजारणीला होडीत कुठल्या वारी चढलो, ते आजही सांगता येत नाही. गाळाचा वास आणि दाव्याला राहिलेल्या म्हशीचं रेकणं मात्र जसंच्या तसं. तेव्हा तारीख सोड. अंगावर स्वेटर होता का, रस्त्यात चिखल होता का, असं विचार. आणि हसण्यावर जाऊ नकोस. काहींना रडू येतं, काहींना हसू.

माझी चूक सांगते. बीडकडची ऊसतोडणीची एक बाई ऑफिसात आली होती. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराला कडी घातली. तासभर तिच्या तोंडून शब्द नाही. पुढे कळलं, मुकादमानं तिला कडी घालूनच कोंडलं होतं. तेव्हापासून अशिलाची खुर्ची दाराशी, दार नुसतं लोटलेलं, आणि कारकून चहाला बाहेर.

दुभाषी बाईच बघ, पण मुलीच्या ओळखीतली नको. भेटायला येणारी ‘मावशी’ पुष्कळदा दलालाची निघते.

एवढं करून जबाबात फरक राहिलाच तर लपवू नकोस, कारणासकट आपणच अर्जात मांडायचा. परदेशी बाईला कसले हक्क, असं कुणी म्हणालं तर 2000 सालचा चंद्रिमा दास निकाल पुढे ठेव. बांगलादेशी पीडितेलाही संविधानाचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, लागू आहे म्हणत सर्वोच्च न्यायालयानं 10 लाखांची भरपाई कायम केली होती. मोफत वकीलही तिचा हक्कच, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12.

मोठा प्रश्न पुढे आहे, परत पाठवण्याचा. निर्वासितांना धोक्यात परत पाठवू नका सांगणाऱ्या 1951 च्या निर्वासित करारावर आपल्या देशाची सही नाही, त्यामुळे परतीची भीती कागदावर आणायचं काम तुझ्यावरच आहे. विकणारा घरातलाच असेल, तर ‘घरी’ म्हणजे कुणाकडे? हे विचारायचंच आहे, पण पुढच्या भेटीत नको. त्या भेटीत फक्त ईदचं विचार, आणि उरलेला वेळ तिला काय बोलायचंय ते बोलू दे.